कानशीचा शेवटचा हात

विहिरीवरच्या इंजिनाची पिस्टन-रिंग तुटली, की आपण तालुक्याच्या गावी जातो. दुकानदाराला इंजिनाचे नाव सांगतो, अश्वशक्ती सांगतो. तो फळीवरून एक पुडके काढतो, पैसे घेतो, आणि ती रिंग घरी आणून बसवली की बसते. ज्या कारखान्यात ती झाली त्याने आपले इंजिन कधी पाहिलेले नसते. ज्या कामगाराच्या हाताखालून ती गेली त्याला आपले गाव कोणत्या दिशेला आहे हेही ठाऊक नसते. तरी ती बसते. आपल्याला याचे नवल वाटत नाही, कारण ते अंगवळणी पडले आहे. पण खरं पाहिलं तर हे मोठेच नवल आहे.

आपल्या पणजोबांच्या काळी असे नव्हते. चाकाची धाव निसटली, की चाकच लोहाराच्या दारात न्यावे लागे. लोहार त्या चाकाचा घेर मोजी आणि त्या चाकापुरती धाव बांधी. शेजाऱ्याच्या चाकाची धाव आपल्या चाकाला बसेल असे कोणी मनातही आणीत नसे. जगातल्या बहुतेक वस्तू तशाच होत्या : कुलूप, घड्याळ, चरक, बंदूक. प्रत्येक वस्तू एकुलती एक.

एकुलत्या एक वस्तूंच्या या जगातून सारख्या वस्तूंच्या जगात माणूस कसा आला, हा इतिहासातला मोठा प्रश्न आहे. राजे आणि लढाया यांच्या सनावळीत त्याला फारशी जागा मिळत नाही. या स्थित्यंतराचा एक महत्त्वाचा भाग अमेरिकेत, बंदुकांच्या कारखान्यांत घडला. आणि त्यात रिव्हॉल्व्हर नावाच्या हत्याराला एक खास स्थान आहे. ज्या हत्याराने यंत्राचा डंका जगभर वाजवला, त्याच हत्याराला शेवटचा हात मात्र कानस चालवणाऱ्या कारागिराचा लागत असे. यंत्र आणि कारागीर यांचे हे नाते काय होते, ते आज पाहू.

आधी हे हत्यार चालते कसे ते समजून घेऊ. साध्या ठासणीच्या बंदुकीला नळी एक आणि बार एक. बार उडाला की पुन्हा दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा. रिव्हॉल्व्हरलाही नळी एकच असते, पण नळीच्या मागे एक जाड लोखंडी चक्री असते. तिला पाच किंवा सहा आरपार घरे. त्यांना कोठ्या म्हणू. प्रत्येक कोठीत एक बार भरलेला. चक्री एकेक घर फिरते, आणि जी कोठी नळीसमोर येईल तिच्यातला बार उडतो.

ऐकायला सोपे, करायला महाकठीण. घोडा मागे ओढला, की आतला एक लहानसा दांडा चक्रीच्या पाठीवरच्या दात्याला ढकलतो आणि चक्री फिरते. कोठी नळीच्या बरोबर समोर आली, की खालून एक खीळ वर येऊन चक्रीच्या खाचेत बसते आणि चक्री जागच्या जागी पक्की होते. त्यानंतरच घोडा पडला पाहिजे. खीळ बसण्याआधी घोडा पडला, तर कोठी आणि नळी एका रेषेत नसतात. मग गोळी नळीच्या काठाला घासते, शिशाचा कीस बाजूला उडतो, आणि चूक मोठी असेल तर हत्यार चालवणाऱ्यालाच इजा होते.

शिवाय चक्री आणि नळी यांच्यामध्ये फट ठेवावी लागते. फट मुळीच नसेल तर दारूच्या काजळीने चक्री अडकते. फट जास्त झाली तर गोळीमागचा जोर बाजूने निसटतो. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. साधारण चार ते आठ भाग. आपला सुतार सुताने मोजतो. इंचाचे आठ सूत. आता एका सुताचे सव्वाशे भाग करा आणि त्यांतले पाच-सहा उचला. तेवढी ती फट, बरं का! म्हणजे या हत्यारात प्रत्येक भागाचे दुसऱ्या भागाशी जमले पाहिजे. मापात तर जमलेच पाहिजे, पण वेळेतही जमले पाहिजे.

रिव्हॉल्व्हर म्हटले की सॅम्युएल कोल्टचे नाव निघते. हा १८१४ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथे जन्मला. फिरत्या चक्रीची मूळ कल्पना काही त्याची नव्हे. एलिशा कोलियर नावाच्या अमेरिकन माणसाने १८१८ मध्येच इंग्लंडात फिरत्या चक्रीच्या, गारगोटीवर चालणाऱ्या हत्याराचे पेटंट घेतले होते. घोडा ओढला की चक्री आपोआप फिरावी आणि योग्य जागी पक्की व्हावी, ही जोड व्यवहारात उतरवण्याचे श्रेय मात्र कोल्टकडे जाते.

या कथेचा एक धागा आपल्या देशालाही येऊन भिडतो. १८३० साली, सोळा वर्षांचा असताना, कोल्ट 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर उमेदवार खलाशी म्हणून चढला. जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला निघाले होते. या सफरीत त्याने लाकूड कोरून फिरत्या चक्रीचा नमुना तयार केला. परत गेल्यावर पैसे उभे करायला त्याने मोठी नामी युक्ती काढली. 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता येथील प्रख्यात डॉक्टर कूल्ट' असे नाव धारण करून तो गावोगाव हिंडू लागला आणि लोकांना हसवणारा वायू हुंगवण्याचे प्रयोग करू लागला. कलकत्ता त्याने पाहिले ते खलाशी म्हणून. पण जाहिरातीत डॉक्टरकीला ते नाव शोभून दिसले!

या प्रयोगांचे पैसे जात कोठे? बंदूक घडवणाऱ्या कारागिरांकडे. कल्पना लाकडात कोरता येते, पण दारूचा धक्का सोसायला लोखंडच लागते. कोल्टने आपले पहिले नमुने हार्टफर्डच्या अॅन्सन चेस या कारागिराकडून करून घेतले. त्यांतले पिस्तूल बार उडवताच फुटले, रायफल तेवढी चालली. पुढे बाल्टिमोर शहरातला जॉन पिअर्सन हा कारागीर त्याला भेटला. कोल्ट सूचना देई. ती सूचना लोखंडात उतरवायची कशी, कोठले टोक किती घासायचे, खीळ कोणत्या क्षणी उचलली पाहिजे, हे सारे पिअर्सनने आपल्या कानशीने सोडवले. आपल्या कामाचा मोबदला नीट मिळत नाही ही पिअर्सनची तक्रार होती. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी कोल्टला अमेरिकेचे पेटंट मिळाले. कोल्टचे नाव जगभर झाले. पिअर्सनचे नाव फक्त या विषयाच्या अभ्यासकांना माहीत आहे.

कोल्टचा पहिला कारखाना न्यू जर्सी राज्यातल्या पॅटरसन गावी निघाला आणि १८४२ साली बुडाला. हत्यार महाग होते, नाजूक होते, आणि सरकार फारसे घेईना. पण त्यांतली काही हत्यारे टेक्ससमधल्या घोडेस्वार शिपायांच्या हाती गेली होती. त्यांनी १८४४ साली कोमांची लोकांशी झालेल्या एका चकमकीत ती वापरली. कोमांची हे त्या मुलुखातले मूळ रहिवासी, घोड्यावर बसून बाण मारण्यात तरबेज. गोऱ्या शिपायाचा एक बार उडाला, की तो पुन्हा ठासेपर्यंत कोमांची स्वार कितीतरी बाण सोडी. पाच बारांच्या हत्याराने हे पारडे फिरवले. इतिहास वाचताना आपण हेही ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्रकलेच्या दृष्टीने जे पाऊल पुढे पडले, ते कोमांची लोकांच्या घरावरून गेले.

१८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध जुंपले. सॅम्युएल वॉकर नावाच्या कप्तानाच्या आग्रहाने सरकारने एक हजार रिव्हॉल्व्हर मागवले. या वेळी कोल्टकडे कारखानाच नव्हता! त्याने ते काम १८४७ मध्ये कनेक्टिकटमधल्या व्हिटनी यांच्या बंदूक-कारखान्यात करून घेतले. ते हत्यार सुमारे दोन किलो वजनाचे, घोड्याच्या खोगिराला लटकवण्याजोगे होते. त्यातल्या काहींच्या चक्र्या फुटल्या. पण मागणी वाढली, आणि कोल्टने हार्टफर्डला आपला स्वतःचा कारखाना घातला.

व्हिटनी हे नाव आले, म्हणून येथे थोडे मागे गेले पाहिजे. सुटे भाग एकमेकांना बदली चालावेत ही कल्पना कोल्टच्या आधीची. लढाईत बंदुकीचा घोडा मोडला, तर दुसऱ्या मोडक्या बंदुकीचा घोडा काढून हिला बसवता यावा, ही सैन्याची साधी गरज होती. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या बंदूकवाल्याने तसा प्रयत्न केला. १७८५ साली टॉमस जेफरसन तेव्हा अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसमध्ये होता. ब्लाँच्या कारखान्यात त्याच्यापुढे बंदुकांच्या कळांचे सुटे भाग ठेवण्यात आले. त्याने हाताला येतील ते भाग उचलले, जोडले, आणि ते जुळले. जेफरसनने हे आपल्या सरकारला पत्राने कळवले.

अमेरिकेत एली व्हिटनीने १७९८ साली दहा हजार बंदुकांचा मक्ता घेतला. सुटे भाग सारखे करू असा त्याचा दावा होता, आणि अधिकाऱ्यांपुढे त्याने तसे प्रात्यक्षिकही केले. शाळेच्या पुस्तकांतून कित्येक वर्षे तोच या पद्धतीचा जनक म्हणून शिकवला गेला. पण पुढे संशोधकांनी त्याच्या उरलेल्या बंदुका उघडून तपासल्या, तेव्हा भाग सारखे नाहीत, त्यांच्यावर जोडणीसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत, असे आढळले. हे शिक्षक बंधुभगिनींनी मुद्दाम लक्षात घ्यावे. वस्तू स्वतः साक्ष देते, आणि ती पुस्तकापेक्षा पक्की असते.

ज्याने हे काम खरोखर साधले तो जॉन हॉल. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रशाळेत त्याने वर्षानुवर्षे खपून भाग कापण्याची यंत्रे केली आणि माप तपासण्याचे साचे केले. १८२६-२७ च्या सुमारास सरकारी तपासनिसांनी त्याच्या शंभर रायफली सुट्या करून भाग एकमेकांत मिसळले आणि पुन्हा जोडून पाहिले. त्या जुळल्या. पण यासाठी वेळ आणि पैसा भरमसाट लागला. सरकारच्या तिजोरीवर ते चालले. खाजगी कारखानदाराला ते परवडणारे नव्हते.

आता पुन्हा कोल्टकडे वळू. १८४९ साली त्याने एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाला आपल्याकडे आणले. रूटने एकामागून एक यंत्रे बसवली. एक यंत्र एकच काप घेणार, दुसरे एकच भोक पाडणार. १८५१ साली लंडनला जगातले मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. तेथे कोल्टने आपले रिव्हॉल्व्हर मांडले. त्याच प्रदर्शनात व्हर्मांट राज्यातल्या रॉबिन्स अँड लॉरेन्स या कारखान्याने बदली चालणाऱ्या भागांच्या रायफली ठेवल्या होत्या. इंग्रज लोक पाहतच राहिले. त्यांच्याकडे बर्मिंगहॅमला बंदुका होत, पण त्या शेकडो लहान लहान कारागिरांच्या हातून. एकजण नळी करी, दुसरा कळ, तिसरा दस्ता, आणि शेवटी सगळे कानशीने जुळवायचे. त्याच वर्षी कोल्टने लंडनच्या स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला आणि बहुतेक सगळे काम आपली यंत्रेच करतात असे सांगितले. १८५३ साली त्याने लंडनमध्येही कारखाना घातला. तो १८५६ पर्यंतच चालला. पण इंग्रज सरकारने १८५४ मध्ये बंदुकांच्या कारखान्यांविषयी चौकशी-समिती नेमली आणि पुढे एन्फिल्डच्या शस्त्रशाळेसाठी अमेरिकेतून यंत्रे आणवली. त्यात कोल्टच्या उदाहरणाचा मोठा वाटा होता.

आणि येथेच आपल्या कथेचा गाभा आहे. कोल्टचे भाग खरोखर एकमेकांना बदली चालत होते का?

त्या काळातले कोल्टचे रिव्हॉल्व्हर उघडून पाहिले, तर नळीवर, चक्रीवर, चौकटीवर आणि चापाभोवतीच्या कड्यावर एकच क्रमांक ठोकलेला दिसतो. भाग जर सगळे सारखेच असतील, तर क्रमांक ठोकायचे कारण काय? कारण असे. यंत्रातून निघालेला भाग मापाच्या जवळपास येई, अगदी मापात येत नसे. मग कारागीर मऊ लोखंडाचे ते भाग कानशीने घासून एकमेकांना जुळवी. जुळल्यावर हत्यार पुन्हा सुटे करावे लागे, कारण भागांना कठीणपणा आणायचा असे.

आपला लोहार विळ्याला पाणी देतो ते आपण पाहिले आहे. येथे त्याहून निराळी रीत होती. हाडे आणि कातडे जाळून केलेल्या कोळशाच्या भुकटीत भाग पेटीबंद करून तापवीत आणि मग पाण्यात विझवीत. त्यामुळे वरची पातळ साल काचेसारखी कठीण होई, आतला गाभा मऊ आणि चिवट राही. पण तापवण्यात आणि विझवण्यात लोखंड किंचित वाकते, किंचित फुगते. म्हणून ज्याचे जे भाग जुळवले तेच पुन्हा एकत्र यायला हवेत, नाहीतर सारी मेहनत वाया. यासाठी तो क्रमांक. म्हणजे यंत्रयुगाचा झेंडा म्हणून जे हत्यार जगभर मिरवले, त्यावर ठोकलेला प्रत्येक क्रमांक कारागिराच्या कानशीची साक्ष देत होता.

याचा अर्थ कोल्टची यंत्रे कुचकामी होती, असा मात्र कोणी घेऊ नये. पूर्वी कारागिराला लोखंडाच्या गोळ्यापासून भाग घडवावा लागे; आता त्याच्या हाती जवळजवळ तयार भाग येऊ लागला. त्याचे काम थोडे झाले, पण अवघड तेवढे उरले. शिवाय त्या कारखान्यांत शिकलेली माणसे चहूकडे पसरली. फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी हे दोघे कोल्टच्या कारखान्यात काम केलेले. त्यांनी पुढे यंत्रे करणारा स्वतःचा नामांकित कारखाना काढला. शिवणयंत्रे, सायकली, मोटारी यांच्या कारखान्यांत तीच साचे वापरण्याची आणि माप तपासण्याची पद्धत गेली. हेन्री लीलंड हाही शस्त्रांच्या कारखान्यांत तयार झालेला माणूस. त्याच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी १९०८ साली इंग्लंडात पूर्ण सुट्या करण्यात आल्या. भाग एकत्र मिसळले, मोटारी पुन्हा जोडल्या आणि पाचशे मैल पळवून दाखवल्या. इंग्रजांनी त्याबद्दल मानाचा चषक दिला. आपल्या इंजिनाची पिस्टन-रिंग तालुक्याच्या दुकानातून आणून बसते, तिची वंशावळ ही अशी हार्पर्स फेरी आणि हार्टफर्डपर्यंत पोचते.

मग कारागिराचे काय झाले? तो नाहीसा झाला का? नाही. तो कारखान्याच्या दारातून बाहेर पडून आपल्या लहानशा दुकानात जाऊन बसला.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला बहुधा रिव्हॉल्व्हर असे, आणि नेमबाजीच्या स्पर्धांतही तेच असे. कारखान्यातून आलेले हत्यार चाले, पण चाप ओढताना आत खरखर लागे, ओढ जड असे, आणि सहा कोठ्यांपैकी एखादी किंचित तिरकी येई. नेमबाज मग आपले हत्यार बंदूक-कारागिराकडे नेई आणि म्हणे, जरा मुलायम करून द्या.

चांगला कारागीर प्रथम कानशीला हातच लावीत नाही. हत्यार रिकामे आहे ना, हे तो स्वतः पाहून घेतो. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढतो आणि कान देऊन ऐकतो. खीळ खाचेत पडल्याचा आवाज घोडा पुरता मागे येण्याआधी आला पाहिजे. हे तो एकदा पाहत नाही, सहा वेळा पाहतो. कारण सहा कोठ्या म्हणजे सहा निराळी गाऱ्हाणी. नळीतून बेतशीर जाडीचा गज सोडून तो प्रत्येक कोठीत अडथळ्याशिवाय जातो का, हे तपासतो. सगळे भाग सुटे केल्यावर कोठे घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत ते पाहतो. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे.

त्यानंतर दगड. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात एक बारीक कणाचा, कठीण असा निसणा दगड सापडतो. त्यावर तेलाचा थेंब टाकून तो घासल्या जाणाऱ्या बाजू गुळगुळीत करतो. कोन बदलायचा नाही, आकार बदलायचा नाही, फक्त यंत्राने ठेवलेले ओरखडे काढायचे. येथेच कच्चा माणूस फसतो. कठीणपणा वरच्या पातळ सालीत आहे, हे मघाशी सांगितले. दगड जरा जास्त फिरला, की साल जाते आणि खालचे मऊ लोखंड उघडे पडते. मग काम आज सुरेख वाटते, आणि काही दिवसांनी तो भाग झिजून हत्यार धोक्याचे होते. चाप फार हलका केला तर नुसत्या धक्क्याने बार उडायचा. घोड्याची कमान फार सैल केली तर ऐन वेळी बार उडायचाच नाही. गिऱ्हाईक म्हणते, आणखी हलके करा. खरा कारागीर म्हणतो, एवढे पुरे. काढलेले लोखंड परत चिकटवता येत नाही, हे त्याला ठाऊक असते. कोठे थांबायचे हे कळणे, हीच त्याची विद्या.

हे सारे इतिहास म्हणून सांगितले, बरं का, करून पाहण्यासाठी नव्हे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणे बंदुका दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही परवाना लागतो, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याच्या प्राणाशी ज्या कामाची गाठ आहे ते कोणीही, कोठेही करावे असे नाही.

या कथेचा शेवटचा अंक अगदी आपल्या काळातला आहे. १९५५ साली कोल्ट कंपनीने 'पायथन' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची कीर्ती मुलायम चालीसाठी झाली, आणि ती चाल कारखान्यातल्या मुरलेल्या कारागिरांच्या हाताने येत असे. कोल्टच्या मृत्यूला तेव्हा नव्वदांवर वर्षे झाली होती. तरी कानस गेली नव्हती. पुढे असे हात मिळेनात, मिळाले तर त्यांची मजुरी परवडेना, आणि २००५ साली ते हत्यार बंद पडले. २०२० मध्ये कंपनीने त्याच नावाचे हत्यार नव्याने काढले. या वेळी आतली रचना सोपी केली, भाग कमी केले, आणि ते संगणकाच्या हुकमतीखाली चालणाऱ्या यंत्रांवर कापले. हाताने जुळवण्याचे काम फारच थोडे उरले. जे रूटला साधले नाही ते सुमारे पावणेदोनशे वर्षांनी साधत आले, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणजे अखेर कानस हरली का? मला तसे वाटत नाही. संगणकाच्या यंत्राला कोठे किती कापायचे हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणाऱ्याला खीळ कोणत्या क्षणी पडली पाहिजे हे माहीत हवे. ते ज्ञान पिअर्सनसारख्या माणसांनी हात भाजून मिळवले, आणि हातातून हातात, दुकानातून दुकानात ते चालत आले. यंत्र म्हणजे कित्येक कारागिरांची साठवलेली अक्कल. ती पेढीवरच्या ठेवीसारखी असते. कोणी भर घालीत राहिले तर वाढते; नुसते काढीत राहिले तर संपते.

शिक्षक बंधुभगिनींना एक छोटासा प्रयोग सुचवतो. त्यासाठी बंदूक नको, पिस्तूल नको. वर्गात एकाच मापाचे दहा नट आणि दहा बोल्ट आणा. निरनिराळ्या दुकानांतून आणलेले असले तर उत्तम. मुलांना डोळे मिटून कोणताही नट कोणत्याही बोल्टवर चढवायला सांगा. तो चढेल. मग गावातल्या सुताराकडून जुन्या दाराच्या दोन खिट्ट्या मागून आणा आणि त्या एकमेकांच्या घरात बसतात का, ते पाहा. बहुधा बसणार नाहीत. या दोन गोष्टींच्या मध्ये दोन शतकांचा इतिहास उभा आहे, एवढे मुलांना सांगा. मग खिट्टी करणाऱ्या सुतारालाच एक दिवस शाळेत बोलवा. लाकूड किती तासायचे आणि कोठे हात आवरायचा हे त्याला कसे कळते, ते मुलांना त्याच्याच तोंडून ऐकू द्या. पिअर्सनला असे कोणी विचारले नाही. आपण आपल्या माणसांना विचारू या.